सूत्रधाराचे टेबल : करवत व राउटर यांच्या एकत्रीकरणाचा इतिहास

‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दापासून आला, हे आपल्या ज्ञातीतील बहुतेकांस ठाऊक आहे. गेरूत किंवा काजळीत भिजविलेली दोरी ओंडक्यावर ताणून धरावी, मध्येच चिमटीने उचलून सोडावी आणि उमटलेल्या रेघेवर करवत चालवावी, ही आपल्या धंद्यातील पहिली अक्षरओळख होय. इंचाच्या आठव्या भागास आजही आपण ‘सूत’ म्हणतो. ‘तासणे’ हे आपले नित्याचे क्रियापद ‘तक्ष्’ या धातूपासून आलेले आहे आणि वैदिक वाङ्मयातील तक्षन् व रथकार हे आपल्याच धंद्याचे पूर्वज होत. विश्वकर्म्याच्या मनु, मय, त्वष्टा, शिल्पी व दैवज्ञ या पाच पुत्रांपैकी मयाकडे काष्ठकर्म आले, अशी परंपरा आपण दर वर्षी माघ शुद्ध त्रयोदशीस स्मरतो. परंतु परंपरेचे स्मरण करताना तिचे आजचे रूप कोणते, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. ज्याच्या हाती सूत्र होते त्याच्या हाती आज काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रस्तुत लेखात एक अगदी साधा विषय घेतला आहे. अलीकडे अनेक लहान कार्यशाळांतून गोल करवतीच्या टेबलाला बाजूने आणखी एक फळी जोडून तिच्या पोटात राउटर बसविण्याची पद्धत रूढ होत आहे. एका टेबलावर कापणे होते, आणि त्याच टेबलाच्या वाढविलेल्या भागावर पताम, खाच, गलता ही कामे होतात. वरवर पाहता ही केवळ जागा वाचविण्याची युक्ती वाटेल. परंतु तिच्या मागे सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात आपल्या ज्ञातीचे जे गेले, त्यातील काही भाग परत मिळविण्याचा मार्गही तीत आहे, असे आमचे मत आहे.

गावातील सुतार आणि त्याची पेटी

आपल्या रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक हे गाव आहे. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच गावी झाला. विनोबांच्या बालपणी पेण व रोहे या भागातील खेड्यांत सुताराचे काम काय होते, याची कल्पना करणे कठीण नाही. भातशेतीचा नांगर व जू, बैलगाडीचे चाक, घराचे खांब, वासे व दाराची चौकट, बाळाचा पाळणा, देव्हारा, खाडीकाठी होडी, एवढे सारे एकाच माणसाच्या हातून होत असे. देशावर बलुत्याच्या व्यवस्थेत सुतार थोरल्या कासेत मोडे आणि सुगीच्या वेळी त्याचा वाटा खळ्यावरच मिळे. कोकणात खोती पद्धतीमुळे बलुत्याची घडी देशाइतकी पक्की नव्हती. तरी गावाला सुतारावाचून आणि सुताराला गावावाचून गत्यंतर नव्हते.

त्या सुताराची पेटी पाहिली तर तीत वाकस, करवत, पटाशी, किंकरे, सामता, गिरमिट, गुण्या आणि निरनिराळे रंधे दिसत. रंध्यांच्या या वैविध्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्या विषयाचे बीज तेथे आहे. सपाट करण्याचा रंधा एक, चौकटीत दार बसावे म्हणून कडेला पायरी म्हणजे पताम काढण्याचा दुसरा, फळीच्या कडेत खाच पाडण्याचा तिसरा, त्या खाचेत बसणारी जीभ काढण्याचा चौथा, आणि गलत्याचा म्हणजे नक्षीदार गोलाईचा तर प्रत्येक आकाराला वेगळा. जितके आकार तितके रंधे. पाते लोहाराने घडवावे व लाकडाचे अंग सुताराने स्वतःच करावे, अशी रीत होती. ज्याच्या पेटीत रंधे अधिक त्याची कसब मोठी. कापणे आणि आकार देणे ही दोन कामे एकाच हातात होती, आणि त्या हाताचा मालक तो स्वतः होता.

मोठे ओंडके चिरण्याचे काम मात्र दोन गड्यांचे असे. ओंडका उंच घोड्यावर चढवावा, एकाने वर उभे राहावे, दुसऱ्याने खाली, आणि दिवसभर करवत ओढावी. खालच्या गड्याच्या डोळ्यांत भुसा जाई आणि वरच्याची कंबर मोडे. यंत्राने सर्वांत प्रथम हे काम उचलले, यात नवल नाही.

यंत्राचा जन्म : जहाजाच्या गोदीत

दात्यांची करवत मागेपुढे ओढण्याऐवजी गोल फिरविली तर काम अखंड चालेल, या कल्पनेचा स्पष्ट उल्लेख इंग्लंडमध्ये १७७७ साली साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याने घेतलेल्या एकस्वात सापडतो. त्याच गावचा वॉल्टर टेलर जहाजांच्या कप्प्या बनविण्यासाठी गोल करवती वापरीत असे. त्यानंतर सर सॅम्युएल बेंथॅम याने १७९१ व १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांची एकस्वे घेतली. रंधणे, खाच पाडणे, साल काढणे, वेगवेगळ्या आकारांचे घडीव काम करणे ही सर्व कामे फिरत्या पात्याने करता येतील, हा विचार त्याने मांडला. आजच्या राउटरची कुळी शोधू गेल्यास ती येथवर पोहोचते.

या विचाराला मूर्त रूप पोर्ट्स्मथच्या आरमारी गोदीत आले. मार्क इझांबार्ड ब्रुनेल याने आराखडे केले, हेन्री मॉड्स्ली याने यंत्रे घडविली, आणि १८०८ पर्यंत ४५ यंत्रांची मालिका वाफेच्या बळावर जहाजाच्या कप्प्या तयार करू लागली. त्या एका वर्षात १,३०,००० कप्प्या निघाल्या. पूर्वी जे काम ११० कुशल कारागीर करीत ते १० अकुशल माणसे करू लागली, असे या कारखान्याविषयी सांगितले जाते. हा आकडा प्रत्येक सुताराने मनात कोरून ठेवण्यासारखा आहे. १०० माणसांचे काम गेले, ही त्यातील अर्धीच गोष्ट. उरलेली गोष्ट अशी की जे १० राहिले त्यांना सुतारकाम येण्याची गरज उरली नाही. कसब माणसाच्या हातातून निघून यंत्राच्या अंगात गेले, आणि यंत्र आरमाराच्या मालकीचे होते.

त्याच काळात मुंबईत काय चालले होते? सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजबांधणीची कीर्ती गाजविली होती. १८१७ साली जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका मुंबईत पाण्यात सोडण्यात आली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत असून लोक तिकीट काढून पाहावयास जातात. पोर्ट्स्मथला यंत्राने कप्प्या होत असताना आपल्याकडे असे संपूर्ण जहाज हाताने सांधले जात होते. कसबात आपण उणे नव्हतो; उणीव होती ती यंत्राची आणि यंत्राच्या मालकीची.

इसवी सन १९१५

इतिहासात काही वर्षे अशी येतात की त्यांत एकमेकांस न ओळखणाऱ्या गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्यांचा परस्परसंबंध पुढे कळतो. आपल्या धंद्यापुरते १९१५ हे असे वर्ष होय.

त्या वर्षी टाटांच्या जलविद्युत् कंपनीचे खोपोली येथील विद्युत्गृह सुरू झाले. खोपोली आपल्या पेणच्या शेजारची. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर साठविलेले पाणी खाली सोडून निर्माण होणारी ती वीज तारांवरून मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेली. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा येथील विद्युत्गृहे उभी राहिली. भिऱ्याच्या विद्युत्गृहातून बाहेर पडणारे पाणी आजही कुंडलिकेतून रोह्याकडे येते. कुलाबा जिल्ह्याच्या डोंगरांतून वीज निघत होती आणि त्याच डोंगरांच्या पायथ्याशी आपला सुतार पणतीच्या उजेडात रंधा मारीत होता.

त्याच वर्षी माटुंगा येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची डब्यांची कार्यशाळा उभी राहिली. रेल्वेचे डबे तेव्हा बहुतांशी लाकडी अंगाचे असत. कापडगिरण्यांप्रमाणेच रेल्वेच्या कार्यशाळांतूनही कोकणच्या सुतारांस रोजगार मिळाला. गावी पावसाळ्यानंतर काम नसे. मुंबईस महिन्याचा पगार होता. परंतु तेथे करवतीच्या यंत्रावर एक, रंध्याच्या यंत्रावर दुसरा आणि सांधणीवर तिसरा अशी कामाची वाटणी होती. खेड्यात चाकापासून देव्हाऱ्यापर्यंत सर्व करणारा सुतार येथे एका पट्ट्यापुढे उभा राहिला. पुढे पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून संपूर्ण पोलादी डबे तयार होऊ लागले आणि लाकडी डब्यांचे ते कामही हळूहळू ओसरले.

त्याच वर्षी त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मोडकळीस आलेल्या बलुतेदारीचे चित्र मराठी वाचकांपुढे आले. याच्या आधीच, १९०३ साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला होता आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली होती. त्या नांगराने शेतकऱ्याचे भले झाले, हे निर्विवाद आहे. मात्र लाकडी नांगर हा सुताराच्या बलुत्याचा मुख्य आधार होता, हेही तितकेच खरे.

आणि त्याच वर्षी अमेरिकेत ऑस्कर ऑन्स्रुड याने आपल्या मुलाच्या साह्याने दाबाच्या हवेवर अतिवेगाने फिरणारे, हातात धरून चालविण्याचे खाच पाडण्याचे यंत्र बनविले. राउटरच्या इतिहासात त्याचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील आर. एल. कार्टर याने विजेच्या लहान मोटरवर चालणारे असेच हत्यार तयार केले. न्हाव्याच्या विजेच्या यंत्राची मोटर वापरून त्याने आपला पहिला नमुना केला, असे सांगतात. १९२९ साली त्याचा धंदा स्टॅन्ली कंपनीने विकत घेतला. एकच अंग, एकच मोटर, आणि पाते बदलले की पताम, खाच, जीभ, गलता, सर्व काही. आपल्या आजोबांच्या पेटीतील डझनभर रंधे या एका हत्याराच्या पोटात गेले.

खोपोलीची वीज, माटुंग्याची कार्यशाळा, गावगाड्याची मोडतोड आणि राउटरचा जन्म या चार गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत. पहिल्या तिन्हींनी सुताराला गावातून उचलून मुंबईस नेले. चौथी त्याला स्वतःच्या ओसरीवर परत बसवू शकेल की नाही, हे पाहण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

दोन यंत्रे एका टेबलावर

मोठ्या गिरणीतील यंत्र लहान कार्यशाळेत आणण्याचे काम दोन महायुद्धांच्या दरम्यान मुख्यतः अमेरिकेत झाले. मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीने १९३९ साली आणलेल्या ‘युनिसॉ’ या करवतीत पाते तिरके करता येई, टेबल सपाटच राही. पुढील पिढीतील टेबलाच्या करवतींवर तिची छाप दिसते. १९४७ साली हान्स गोल्डश्मिट याचे ‘शॉपस्मिथ’ हे यंत्र बाजारात आले. एका मोटरवर करवत, खराद, भोक पाडणे व घासणे ही कामे त्यात होत. तथापि एक काम संपवून दुसरे करण्यास यंत्राची मांडणी मोडावी लागे. याउलट राउटर आता स्वस्त व स्वतंत्र झाला होता. मग कारागिरांनी तो उलटा करून टेबलाखाली टांगला. हातात धरलेले हत्यार लाकडावर फिरविण्याऐवजी स्थिर हत्यारावर लाकूड सरकवू लागताच लहान पट्ट्याही सुरक्षितपणे धरता येऊ लागल्या. शेवटी, करवतीला टेबल आहेच, त्यावर सरकणारे गाईडही आहे, मग त्याच टेबलाची एक बाजू वाढवून राउटर तेथेच का बसवू नये, हा विचार सुचणे स्वाभाविक होते.

या रचनेतील मर्म गाईडमध्ये आहे. करवतीचे गाईड ही काय वस्तू आहे? ती आपल्या गेरूच्या दोरीचे लोखंडी रूप आहे. ओंडक्यावर जी रेघ आपण प्रत्येक वेळी नव्याने मारीत होतो ती येथे एकदाच टेबलावर पक्की केलेली असते. टेबलाचा विस्तार केला की तेच गाईड करवतीवरून पुढे सरकून राउटरपर्यंत पोहोचते, आणि दोन्ही कामांना एकच सूत्र लाभते. मात्र ते सूत्र दोन्हीकडे सारख्या रीतीने वापरावयाचे नाही, ही गोष्ट ज्याला उमगली नाही त्याने हे टेबल करूच नये. करवतीवर लाकूड गाईड आणि पाते यांच्या मधून जाते. म्हणून गाईड पात्याशी अगदी समांतर असावे लागते, नाहीतर लाकूड अडकून मागे फेकले जाते. राउटरवर याच्या नेमके उलट आहे. तेथे बिटचा काही भाग गाईडच्या आत लपलेला असावा आणि लाकूड गाईडला टेकून बाहेरच्या अंगाने जावे. गाईड व बिट यांच्या मध्ये लाकूड घातले तर ते हातातून हिसकले जाते. बिट गोल असून त्याचा एकच मध्यबिंदू असल्यामुळे येथे गाईड थोडे तिरके असले तरी बिघडत नाही, केवळ अंतर बरोबर हवे. लोखंडी गाईडला बिट लागू नये म्हणून त्यास लाकडाची जोडपट्टी लावून तीत बिटपुरती खाच ठेवतात. लाकूड नेहमी बिटच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवावे. गाईड पलीकडे व आपण अलीकडे असता ते उजवीकडून डावीकडे जाते.

वेगाचेही असेच आहे. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे २,८८० फेरे घेते. सुमारे १० इंची, म्हणजे २५० मिलिमीटर व्यासाचे पाते तिच्यावर थेट बसविले तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३८ मीटर भरतो. राउटर मिनिटाला २४,००० फेरे घेतो हे ऐकून छाती दडपते. परंतु १२ मिलिमीटरच्या बिटच्या कडेचा वेग त्या फेऱ्यांतही सेकंदाला १५ मीटरच असतो. म्हणूनच लहान बिटला मोठे फेरे लागतात. तेच ७५ मिलिमीटरचे गलत्याचे मोठे बिट त्याच फेऱ्यांवर चालविले तर कडेचा वेग ९४ मीटरवर जातो, आणि ते प्राणघातक ठरते. ते सुमारे १०,००० फेऱ्यांवर आणावे म्हणजे करवतीच्या पात्याच्याच वेगाला येते. हा हिशेब चौथीच्या गणिताचा आहे, पण तो न केल्यामुळे बोटे गेलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत.

बांधणीची रीत थोडक्यात सांगतो. करवतीच्या उजव्या अंगाला गाईडचे दोन लोखंडी रूळ जेवढे पुढे आलेले असतात त्यांच्या मध्ये जाड प्लायची दुहेरी फळी बसवावी. कोकणच्या पावसाळ्यात एका बाजूस सनमायका लावलेली फळी वाकते. म्हणून तो खालूनवरून दोन्ही बाजूंस लावावा आणि कडा व भोकाचा आतील भाग पॉलिश किंवा रंग देऊन बंद करावा. फळीखाली उभ्या पट्ट्या द्याव्यात, आणि राउटरचे वजन रुळांनीच पेलावे अशी अपेक्षा न धरता एक पाय जमिनीपर्यंत न्यावा. राउटर धातूच्या किंवा टणक फायबरच्या प्लेटला पक्का करून ती प्लेट फळीतील खाचेत बसवावी. करवतीचे टेबल, फळी व प्लेट या तिन्हींवर लांब पट्टी आडवी ठेवून उजेड दिसतो की नाही ते पाहावे. उजेड दिसला तर लाकूड तेथे अडेल. राउटरला स्वतःचा, समोर हाताशी येणारा स्विच असावा. एका वेळी एकच यंत्र चालावे, आणि बिट बदलताना तार प्लगमधून काढलेली असावी. करवतीचे काम करताना राउटरचे बिट टेबलाच्या खाली उतरवून ठेवावे.

आपल्याकडील रूप

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि त्यापुढील दशकांत वीज खेडोपाडी पोहोचू लागली. पण वीज आली तेव्हा साग महाग झाला होता, आणि पुढे घरोघरी प्लाय आला. प्लायच्या कामात वाकस निरुपयोगी आणि रंधा अर्धा निरुपयोगी. सरळ कापणे, खाच पाडणे आणि कड गोल करणे एवढ्यावर सारे काम आले. म्हणजेच करवत व राउटर. आपल्या कारागिरांनी यावर स्वतःची तोड काढली. फरशी कापण्याच्या हातयंत्राला लाकडाचे पाते लावून ते प्लायच्या टेबलाखाली उलटे टांगावे, शेजारी लहान ट्रिमर तसाच टांगावा, आणि एका सरळ पट्टीला दोन शिकंजे लावून गाईड म्हणून वापरावे, ही मांडणी कोणत्याही चालू इमारतीत पाहावयास मिळते. ती युक्ती अमेरिकेतील कारागिराच्या युक्तीहून मुळात निराळी नाही. उणीव आहे ती पात्यावरील आवरणाची, पात्यामागे कापलेली फट उघडी ठेवणाऱ्या पत्र्याची आणि हाताशी येणाऱ्या स्विचची. बुद्धी आपली आहे आणि जखमही आपलीच आहे. १९९९ साली स्टीव्ह गॅस या अमेरिकनाने बोट लागताच क्षणार्धात पाते थांबविणारी करवत शोधून काढली. ती आपल्या आवाक्याबाहेरची असली तरी साधे आवरण व ढकलकाठी यांना काही मोठा खर्च येत नाही.

पूरक की मारक?

येथे गागोद्याच्या सुपुत्राकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. विनोबा यंत्राचे शत्रू होते, अशी एक चुकीची समजूत आहे. त्यांनी यंत्रांचे संहारक, समयसाधक व उत्पादक असे तीन वर्ग केले होते. उत्पादक यंत्रांत पुन्हा दोन भेद : माणसाच्या श्रमाला साह्य करणारी ती पूरक, आणि माणसाला निकामी करणारी ती मारक. शिवाय एकच यंत्र एका देशकाली पूरक आणि दुसऱ्या देशकाली मारक ठरू शकते, हेही त्यांनी बजावले होते. गांधीजींनीही १९२४ साली यंत्राविषयीच्या एका संवादात शिवणयंत्राचा अपवाद मान्य केला होता. १९३७ नंतरच्या वर्धा शिक्षणयोजनेत सूतकताई व शेतीबरोबर सुतारकामासही मूलोद्योगाचे स्थान मिळाले होते.

या कसोटीवर आपले टेबल लावून पाहू. पोर्ट्स्मथची ४५ यंत्रे आमच्या मते मारक होती, कारण त्यांनी ११० जणांचे कसब काढून घेऊन ते दुसऱ्याच्या मालकीचे केले. करवत व राउटर यांचे जोडटेबल मात्र एका खोलीत मावते, एका माणसाच्या हाताखाली चालते, आणि गिरणीने तीन माणसांत वाटलेले काम पुन्हा एका माणसाच्या हाती आणते. फळी कापणारा, पताम काढणारा आणि सांधा जुळविणारा तोच. या अर्थाने ते गावच्या सुताराच्या पेटीचे आधुनिक रूप आहे आणि म्हणून पूरक आहे. परंतु ‘परंतु’ येथे मोठा आहे. ते टेबल कंत्राटदाराचे असेल आणि आपला मुलगा रोजंदारीवर त्यापुढे उभा असेल, तर तेच टेबल त्याच्यापुरते मारक ठरते. पूरक-मारकाचा निर्णय येथे मालकीवर होतो. लोखंड दोन्हीकडे एकच आहे.

आणि मालकी आज पूर्वीइतकी अशक्य राहिलेली नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांचा समावेश असून त्यांत सुतारकाम आहे. योजनेत प्रशिक्षणकाळी दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि तारणावाचून ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपये कर्ज, अशी तरतूद जाहीर झाली. १५,००० रुपयांत उत्तम करवत आणि उत्तम राउटर दोन्ही येणार नाहीत, हे आपण सारे जाणतो. म्हणूनच एकाच टेबलाची, एकाच गाईडची ही जोडणी आपल्यासारख्यांस महत्त्वाची. दुसरे टेबल, दुसरे गाईड आणि दुसरी जागा यांचा खर्च ती वाचविते, आणि फळीचे काम तर आपण स्वतःच करू शकतो. जो इतरांची टेबले करतो त्याने स्वतःचे टेबल बाजारातून विकत आणावे, हे तर हास्यास्पद होय.

ज्ञातिबांधवांस विनंती

इतिहास सांगून थांबणे हे स्मरणिकेचे काम असेल, पण ज्ञातिसंस्थेचे नव्हे. म्हणून दोन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली अशी की, ज्या तालुक्यात आपल्या समाजाची स्वतःची वास्तू आहे तेथे सभागृहाच्या एका कोपऱ्यात असे एक जोडटेबल उभारावे. त्यावर आवरण, ढकलकाठी व स्विच यथासांग असावेत, आणि ज्यांस अद्याप स्वतःचे यंत्र घेता येत नाही त्यांस ते नाममात्र भाड्याने वापरू द्यावे. सन्मानचिन्हे व हारतुरे यांवर होणारा खर्च काही वर्षे कमी केला तर ही गोष्ट अशक्य नाही.

दुसरी सूचना वडीलधाऱ्यांस आहे. यंत्र शिकविण्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि तेथे मुलांनी अवश्य जावे. परंतु सागाचा रेषा कोणत्या अंगाने उठतो, फणसाची फळी किती वर्षे वाळवावी, कूस सालीत किती घट्ट बसावी म्हणजे पावसाळ्यात चौकट फुटणार नाही, या गोष्टी राउटरच्या डब्यातील पत्रकात छापलेल्या नसतात. त्या आपल्या घरातील म्हाताऱ्यांच्या हातांत आहेत आणि त्या हातांबरोबर दर वर्षी थोड्याथोड्या जात आहेत. टेबल तरुणाने बांधावे आणि त्याच्या शेजारी म्हाताऱ्याने स्टूल टाकून बसावे, असे घर ज्या गावी असेल तेथे आपला धंदा जिवंत आहे असे समजावे.

सूत्र हाती असेल तो सूत्रधार, एवढीच आपल्या नावाची व्याख्या. ते सूत्र दोरीचे असो वा लोखंडी गाईडचे, ते आपल्या मालकीचे असावे, एवढे पाहणे पुढील पिढीचे कर्तव्य आहे.